निमिया पालोमेकेने पेटवलेली चूल

बोका दे तामांदो या गावात निमिया पालोमेकेचा आवाज ओळखत नाही असं कोणी नव्हतं. नदीच्या या काठावरून तिने हाक मारली की पलीकडच्या काठावरची कुत्री उठून उभी राहत. तिचा नवरा प्लासिदो डोणी कोरायचा. एका झाडाच्या खोडातून अख्खी डोणी काढायला त्याला महिना लागे, आणि त्या महिन्यात तो जेमतेम वीस वाक्यं बोलत असेल. घरातलं उरलेलं सगळं बोलणं निमियाकडे होतं, आणि तिने त्यात कधी कसूर केली नाही.

पन्नाशीला टेकलेली बाई. घरामागे मातीची भट्टी, तिच्यात ती खोबरं आणि गूळ घातलेला पाव भाजायची. रोज पहाटे पीठ मळणारे तिचे दंड प्लासिदोच्या दंडांपेक्षा जाड होते, आणि हे ती चारचौघांत त्याला ऐकवायची. गावात कोणी गेलं की मयताजवळ बसून बायका जी लांबच लांब गाणी म्हणतात, ती सुरू करण्याचा मानही तिचाच. पोटी मूल नव्हतं. पण गावातली निम्मी पोरं तिची धर्मलेकरं होती, आणि बाकीची निम्मी पावाच्या वासाने तिच्या ओट्यावर येऊन बसत.

त्या नदीवर दोन बाजूंची बंदूकधारी माणसं फिरत. वरून येणारी म्हणत, तुम्ही खालच्यांना जेवू घालता. खालून येणारी म्हणत, तुम्ही वरच्यांना जेवू घालता. लोक मान खाली घालून ऐकून घेत आणि ती गेली की आपल्या कामाला लागत. अशी काही वर्षं गेली. मग एका मंगळवारी सकाळी खालच्यांच्या सात मोटरबोटी एकदम धक्क्याला लागल्या आणि त्यांनी गावाला दोन तास दिले. दोन तासांनी इथं जो दिसेल तो शत्रू.

भट्टीत पावाचे दोन घाणे चढलेले होते. सगळं गाव डोण्यांकडे धावत सुटलं, आणि निमिया भट्टीपुढे कमरेवर हात ठेवून उभी.

"निमिया!" प्लासिदो ओरडला. तीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदा ओरडला असेल.

"पाच मिनिटं."

"अगं, गोळ्या घालतील!"

"मग भाजलेला पाव खाऊन मरू. कच्चा टाकून येणार नाही मी."

पाव निघाला तसा चादरीत बांधून, मांडीवर घेऊन ती डोणीत बसली. त्या चादरीचे चटके तिच्या मांड्यांना कितीतरी दिवस दिसत होते. पण पुढचे दोन दिवस नदीवर गावच्या सगळ्या पोरांच्या पोटात जे काही गेलं ते त्या दोन घाण्यांतलं होतं. 

एक गोष्ट मात्र राहून गेली. गावापासून नदीने अर्धा दिवस वर, केळीच्या मळ्यांजवळ सहा म्हातारी माणसं राहायची. त्यांत प्लासिदोची आई, तिता आजी. त्यांना निरोप पोचवायलाही वेळ मिळाला नाही. डोण्या खाली वाहत निघाल्या तेव्हा प्लासिदो पाठमोरा बसून वल्हं मारत होता, तोंड वरच्या अंगाला, गावाकडे. निमियाने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि मग दोन दिवस त्याच्याशी ती त्या विषयावर चकार शब्द बोलली नाही.

तालुक्याच्या गावी, पुएर्तो क्लारेतला, चारशे तीस माणसं एका शाळेत उतरली. आठ वर्ग, दोन संडास, एक नळ.

चौथ्या दिवशी मदत आली. मदतीबरोबर मदत संस्थेची ओफेलिया बोतिना आली. थंड डोंगराळ भागातली, पास्तोकडची बाई, निमियाच्याच वयाची. अंगाने काडी, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल. नदीवर तिची ही पहिलीच नेमणूक. तिला पोहता येत नव्हतं आणि बोटीतून उतरताना ती दोन्ही हातांनी फळी धरून बसली होती, हे सगळ्या गावाने पाहिलं.

बोटीतून मसुराची पोती उतरली, टोमॅटोच्या रश्शातले डबाबंद मासे उतरले, आणि मग लोकरीची ब्लँकेटं. जाड, करड्या रंगाची, तीनशे ब्लँकेटं. सावलीत उभं राहिलं तरी घाम ठिबकत होता.

निमियाने एक ब्लँकेट उचललं, उलटसुलट केलं. "बाई, हे मेंढीला परत घालायचं का?"

बायका फिदीफिदी हसल्या. त्या गावातून निघाल्यापासून पहिल्यांदा हसल्या. ओफेलियाचा चेहरा लाल झाला. "गोदामात जे होतं ते आलं. नको असेल तर परत पाठवते."

"आणलंय तर राहू दे. फरशीवर अंथरू. म्हाताऱ्यांची हाडं तरी कण्हायची थांबतील."

ब्लँकेटांचा प्रश्न तिथं मिटला, पण खरी कटकट जेवणाची झाली. गावातल्या एका खानावळवाल्याला शिजवण्याचं काम दिलेलं होतं. दुपारी त्याची गाडी येई. मसूर पाण्यात उकडून केलेला गाळ आणि वर एक मासा. चारशे तीस माणसं हातात प्लास्टिकची ताटली घेऊन उन्हात रांगेत उभी. काल-परवापर्यंत ज्यांच्या घरी येणारा माणूस जेवल्याशिवाय जात नव्हता ती माणसं. बायका रांगेत एकमेकींकडे बघत नव्हत्या. सेलेदोनियो नावाचा एक म्हातारा, मासेमारी करणारा, तर रांगेत उभाच राहीना. भूक नाही म्हणायचा. दोन दिवस तो भूक नाही म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी तो भिंतीला टेकून बसला तो उठेचना.

निमिया सरळ ओफेलियाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"शिजवलेलं बंद करा. आम्हाला पातेली द्या, लाकडं द्या, नारळ, मीठ, कांदा द्या. आमचं आम्ही रांधू."

"दोन्या निमिया," ओफेलिया मानाची हाक मारून पण ताठ म्हणाली, "शाळेत चूल पेटवायला परवानगी नाही. आग लागली, कोणाला जुलाब झाले, तर जबाबदारी माझी."

"आणि तो म्हातारा उपाशी मेला तर?"

"त्यांना ताट जागेवर नेऊन देते मी."

"भिकाऱ्याला देतात तसं? तो खाईल असं वाटतं तुम्हाला?"

 निमियाने आणखी वाद घातला नाही. तिने अंगणात तीन दगड मांडले, शाळेचा एक मोडका बाक कोयत्याने फोडला आणि चूल पेटवली. धूर बघून ओफेलिया धावत आली, तोवर पातेल्यात मसूर पडलाही होता. नारळाचं दूध घातलेला, कांदा-लसूण परतलेला, त्यात त्या डब्यातल्या माशांचा रस्सा. नारळ कुठून आला ते कोणी सांगेना. धर्मलेकरांपैकी कोणीतरी कोणाच्या तरी झाडावर चढलं असणार.

"विझवा ती!" ओफेलिया म्हणाली.

"आधी चाखा. मग विझवते."

तिने पळी तिच्या तोंडापुढे धरली. सगळं अंगण बघत होतं. ओफेलियाने चाखलं.  मग तिने पुन्हा पळी पुढे ओढली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"मीठ तुम्ही आणायचंय," निमिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खानावळवाल्याची गाडी बंद झाली. संध्याकाळपर्यंत अंगणात नऊ चुली झाल्या, दर दहा-बारा घरांमागे एक. सेलेदोनियोला निमियाने ताट दिलं नाही. त्याला मासे साफ करायला बसवलं आणि "हे काय, खवले किती ठेवलेत, नातवंडाच्या घशात अडकतील की!" असं त्याला टाकून बोलली. म्हातारा चिडला, तिला चार शिव्या दिल्या, सगळे मासे पुन्हा साफ केले आणि इतरांबरोबर मांडी घालून जेवला.

त्यानंतर ओफेलिया रोज संध्याकाळी निमियाच्या चुलीशी येऊन बसू लागली. आधी पाच मिनिटं, मग तास-तास. बोलणं अगं-तुगंवर कधी आलं ते दोघींनाही कळलं नाही.

"खरं सांग," निमिया विचारायची, "तुमच्याकडे ते केसाळ उंदीर भाजून खातात?"

"उंदीर नाही गं, कुई. पाळलेला असतो. आणि तुमच्या माशापेक्षा बरा, दर घासाला काटा तरी टोचत नाही."

"काटे असतात म्हणून तर माणूस जेवताना गप्प बसतो."

"तू नाही बसत."

यावर प्लासिदो हसला. ऐकू येईल असा हसला, म्हणून निमियाने त्याला लाकूड फेकून मारलं.

पण तो हसायचा ते तेवढंच. दर सकाळी तो धक्क्यावर जाऊन नदीच्या वरच्या अंगाला बघत बसे. तेवीस दिवस झाले. वरची नदी बंद होती. मध्ये एका वळणावर खालच्यांनी नाकं लावलं होतं आणि कोणालाही वर सोडत नव्हते. ओफेलियाने तालुक्याच्या चर्चमधल्या पाद्रींना गाठलं, सरकारी कचेरीत खेटे घातले, राजधानीला फोन लावले. सगळीकडून एकच उत्तर, आत्ता धोका आहे, थांबा. शेवटी पाद्रींच्या मार्फत तोंडी निरोप आला की एक बोट, पांढरं निशाण लावून, दिवसाउजेडी गेली तर जाऊ देतील.

"मी येणार," निमिया म्हणाली.

"नियमात बसत नाही."

"तुझ्या नियमाला पोहता येतं का?"

 बोट चालवायला प्लासिदो, पुढे निमिया, मध्ये पोत्यांवर ओफेलिया, अंगात दोन-दोन लाइफ जॅकेटं घालून. तांदूळ, मीठ, तेल, गूळ, तापाची औषधं, तिता आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आणि ओफेलियाच्या मांडीवर ती फाईल.

नाक्यावर त्यांना काठाला घेतलं. तिथला कमांडर चाळिशीचा माणूस, एका बाजूने गाल भोपळ्यासारखा सुजलेला. दाढ दुखत असणार, दर थोड्या वेळाने तो तोंडावर हात धरून डोळे मिटायचा. त्याने पोती उघडून पाहिली.

"यातलं अर्धं इथं उतरवा."

"नाही उतरवता येणार," ओफेलिया म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण थरथरला नाही. "हे बिनहत्यारी माणसांसाठी आहे. आज तुम्हाला दिलं तर उद्या दुसरी बाजू मागेल आणि परवा ही बोट कोणाकडेच जाऊ शकणार नाही."

"वर कोणाला देणार ते मला कसं कळणार?"

"सहा म्हातारी आहेत. सगळ्यात तरुण एकाहत्तरची."

कमांडरने गाल दाबला आणि रेडिओवर विचारून येतो म्हणून तो पत्र्याच्या खोपटात गेला. दोन जण बंदुका घेऊन काठावर उभे राहिले. ऊन चढत गेलं. तास गेला, दुसरा गेला.

निमियाचे कान तिच्या आवाजाइतकेच तयार. खोपटातून रेडिओची खरखर येत होती, आणि त्या खरखरीतून तिला पाच शब्द स्पष्ट ऐकू आले. बाईकडे यादी असेल. नावं घे.

 ती यादी करताना ती स्वतः ओफेलियाशेजारी बसली होती. चारशे तीस नावं, कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची बायको, कोणाच्या घरातला माणूस सध्या कुठे आहे. दूध किती लागेल, औषध कोणाला लागेल, हे कळायला ते सगळं हवंच होतं. पण त्या कागदांवर अशीही घरं होती ज्यांच्या पोरांना वरच्यांनी जबरदस्तीने उचलून नेलं होतं. या माणसांच्या हातात ते कागद गेले तर त्या घरांचं काय होईल, हे नदीवर कोणाला सांगावं लागत नव्हतं.

ती उभी राहिली. "अहो भाऊ," ती पहाऱ्यावरच्या एकाला म्हणाली, "बारा वाजून गेले. माझ्या नवऱ्याला पोटात व्रण आहे, वेळेवर खाल्लं नाही तर इथंच आडवा होईल. जरा चूल पेटवू का काठावर?"

प्लासिदोला आयुष्यात कधी व्रण नव्हता. त्याने मुकाट्याने पोट धरलं.

पहारेकऱ्याने खांदे उडवले. निमियाने तीन दगड गोळा केले, पुरात वाहून आलेली लाकडं रचली. ओली होती, नुसती धुमसत होती. तिने मागे न बघता हात पुढे केला.

"ओफेलिया, कागद दे."

"कुठला कागद?"

"आहेत तेवढे सगळे."

ओफेलियाने खोपटाकडे पाहिलं, मग निमियाकडे. ती यादी करायला तिला चार दिवस लागले होते. यादीशिवाय पुढची मदत यायची नाही, आणि हरवली तर नोकरीचाही प्रश्न. तिने प्लास्टिक सोडलं, आतले अकरा कागद काढले आणि एकेक करून निमियाच्या हातात दिले. निमियाने ते चुरगळून लाकडांखाली सरकवले आणि फुंकर घातली. चूल भडकून पेटली. तिने वर पातेलं ठेवलं आणि तांदूळ धुवायला घेतला.

तांदूळ अर्धवट शिजला असताना कमांडर बाहेर आला.

"यादी."

"कसली यादी, साहेब?" निमियाने विचारलं.

"तुला नाही विचारलं. बाई, माणसांची यादी द्या."

ओफेलियाला खोटं बोलता यायचं नाही. "होती," ती म्हणाली. "आता नाही."

"ओली लाकडं पेटेनात," निमिया म्हणाली. "समोर दिसले ते कागद घातले. मला मेलीला वाचता येतं कुठं?"

कमांडर चुलीपाशी वाकला, काठीने राख उकरली. एका काळ्या तुकड्यावर शिक्क्याची कड उरली होती.  पातेल्यातलं पाणी तेवढं खदखदत होतं. मग तो सरळ उभा राहिला.

"तू त्याच गावची ना?"

"तिथंच जन्मले."

"मग तुला सगळ्यांची नावं पाठ असतील."

"असतील की."

"सांग." त्याने खोपटातल्या एकाला हाक मारली. "वही आण रे. ही सांगेल ते लिहून घे."

ओफेलियाने डोळे मिटून घेतले. प्लासिदोचा हात पोटावर होता तिथंच थिजला.

निमियाने पळी बाजूला ठेवली, पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि सुरुवात केली. "लिही. एउसेबियो पालोमेके. त्याची बायको साबिना. क्रिसान्तो चावेर्रा. त्याचा भाऊ अबुन्दियो चावेर्रा, डोळ्याने अधू. दोन्या एदुविगेस, सुईण. तेओफिलो, तो होडीवाला..." काठाकाठाने घरोघर जावं तशी ती नावं घेत चालली. मध्ये मध्ये थांबायची, आठवल्यासारखं करायची. "थांब, त्याच्या मागच्या घरात कोण बरं? हां. इल्देफोन्सो. लंगडा." लिहिणाऱ्याचा हात दुखायला लागला. कमांडर गाल धरून येरझाऱ्या घालत होता.

पाचव्या की सहाव्या नावाला प्लासिदोने मान वर केली होती. आता त्याने ती पुन्हा खाली घातली. अठराव्या नावाला त्याचे स्वतःचे वडील आले. त्याने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

साठेक नावं झाल्यावर कमांडर करवादला, "पुरे! किती वेळ चालणार?"

"अजून निम्मीसुद्धा नाही झाली, साहेब."

"पुरे म्हटलं ना!" त्याने पुन्हा गाल दाबला.

निमियाने कमरेच्या पिशवीतून दोन लवंगा काढल्या. पावात घालायला तिच्याजवळ नेहमी असत. "ही दाढेत धरा. चावू नका, नुसती धरा."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ओफेलियाला वाटलं, आता संपलं. पण त्याने लवंगा घेतल्या. बोटीतला पेट्रोलचा जादा डबा मात्र त्याने आपल्या माणसांकडून काढून घेतला. "जा. अंधार पडायच्या आत परत या वळणावर दिसला पाहिजेत."

वळण मागे पडलं. मग ओफेलिया हलक्या आवाजात म्हणाली, "निमिया, ती नावं. माझ्या यादीत एकही नव्हतं त्यांतलं."

"कसं असेल? ती सगळी स्मशानात आहेत. एउसेबियो तर माझ्या लहानपणी बुडाला."

ओफेलियाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती दोन लाइफ जॅकेटांत तोंड खुपसून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि निमियाने तिची पाठ चोळत म्हटलं, "रड, पण बोट हलवू नकोस. तुला पोहता येत नाही."

प्लासिदो मागून म्हणाला, "बाबांना आवडलं असतं."

पेट्रोल जपायला हवं होतं, म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी मोटर बंद करून काठ्यांनी रेटत काढला. निमिया एका बाजूने, प्लासिदो दुसऱ्या बाजूने. ओफेलिया पाणी उपसत होती.

तिता आजी घराच्या पायरीवर बसलेली होती. वाळलेली, पण ताठ. तिने मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"मीठ आणलंस?"

"आणलं, आई."

"मग वर या."

प्लासिदो पायरीवर तिच्या पायांशी बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बावन्न वर्षांचा माणूस. म्हातारीने त्याचे केस विंचरल्यासारखे केले आणि त्याला म्हणाली, "वास येतोय तुला. आंघोळ कर."

सहापैकी पाच जण होते. सेनोन नावाचे सगळ्यात थोरले आजोबा बाराव्या दिवशी तापाने गेले होते. बाकीचे जगले ते वरच्या एंबेरा आदिवासींच्या वस्तीमुळे. लिसिमाको दोमिको नावाचा तिथला मुखिया दर तीन दिवसांनी उंदरावर टपलेल्या मांजरासारखा दबकत येऊन केळी आणि मासे पोचवून जायचा, जंगलातल्या वाटेने, नाकं चुकवून. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. कुठल्या कागदावर त्याचं नाव नव्हतं.

"म्हणजे आमच्याआधी मदत पोचलेली आहे," ओफेलिया म्हणाली. तिने आपल्या पोत्यांकडे पाहिलं आणि निम्मं मीठ-तेल लिसिमाकोसाठी वेगळं काढून ठेवलं. या वेळी नियमाचं नाव तिने काढलं नाही.

म्हाताऱ्यांना खाली नेण्याची तयारी होती, पण ती यायला तयार नव्हती. "शाळेत काय करू मी?" तिता आजीने विचारलं. "या वयात अक्षरं गिरवू?" शेवटी गोळ्या कशा घ्यायच्या ते तीनदा समजावून सांगितलं. मग सगळे सेनोन आजोबांना पुरलं होतं तिथं गेले. त्यांच्यासाठी गाणं झालेलं नव्हतं. ते रात्रभर म्हणायचं असतं, पण रात्र हातात नव्हती. निमियाने कलत्या उन्हातच सुरुवात केली. उरलेल्या पाचही म्हाताऱ्यांनी मागून सूर धरला. ओफेलियाला शब्द येत नव्हते, ती नुसती उभी होती, बूट चिखलात रुतलेले, टोपी हातात.

पुएर्तो क्लारेतला परतल्यावर निमियाने चुलीशी बसून चारशे तीस नावं पुन्हा सांगितली. जिवंतांची. या खेपेला ओफेलियाने नुसती नावं आणि वयं लिहिली, कोण कुठला आणि कोणाचं कोण ते लिहिलं नाही. वरच्या कचेरीतून विचारणा झाली. तिने उत्तर पाठवलं की एवढीच माहिती पुरे आहे. तिला कडक शब्दांत पत्र आलं, ते तिने घडी करून बुटाच्या तळाशी घातलं, आत ओल येते म्हणून.

आठ महिन्यांनी नदी मोकळी झाली तसं गाव परत गेलं. सगळे नाही गेले. एकोणतीस घरं तालुक्यालाच राहिली, काही शहरात गेली, तिघांचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. संस्था छपराचे पत्रे द्यायला तयार होती. निमियाने बैठकीत उठून सांगितलं की पत्रे निम्मे चालतील, पण केळीचे मुनवे हवेत, लावले तरच वर्षभरात तोंडात काही पडेल. गोदामात मुनवे नव्हते. ते लिसिमाकोच्या वस्तीने दिले. अकरा डोण्या भरून, आणि वर एक डुक्कर.

गावात पाय ठेवल्यावर निमिया आधी घराकडे गेली नाही. ती स्मशानात गेली. ज्यांची नावं त्या दिवशी घेतली होती त्यांच्यापुढे एकेक मेणबत्ती लावून तिने माफी मागितली. इल्देफोन्सोपुढे जरा जास्त वेळ बसली, कारण तो लंगडा नव्हता. ते तिने घाईत जोडलं होतं.

ओफेलियाची पुढच्या वर्षी बदली झाली. जाण्याआधी ती आठवडाभर बोका दे तामांदोला राहिली, आणि निमियाने तिला धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरून, गावातल्या पोरांच्या देखत, "पाय मार! पाय! अगं बटाट्याचं पोतं आहेस का?" असं ओरडत. सातव्या दिवशी ओफेलिया धक्क्यापासून सेलेदोनियोच्या डोणीपर्यंत एकटी गेली. बारा हात अंतर असेल. काठावर टाळ्या पडल्या.

पाच वर्षांनी, एका सकाळी, नदीवरून डोण्या येताना दिसल्या. मोटर नाही, सामान नाही, माणसं दाटीने बसलेली. अत्रातो नदीच्या पलीकडचं एक गाव उठलं होतं, दोनशे जीव. निमियाच्या गावच्या धक्क्याला लागताना त्यांच्यातलं कोणीच काही बोलत नव्हतं.

निमियाने हाक मारली. पलीकडच्या काठापर्यंत गेली ती हाक. घराघरांतून माणसं बाहेर आली. कोणाच्या घरी चार, कोणाच्या घरी सात, अशी दुपारपर्यंत दोनशे माणसं घरांत विरघळून गेली.

गावात तेव्हा एक टेलिफोन आला होता, तो निमियाच्या घरात. संध्याकाळच्या आत ओफेलियाचा फोन आला. आता ती मोठ्या कचेरीत बसायची.

"निमिया, कळलं मला. काय पाठवू? पटकन सांग, उद्या बोट सुटतेय."

निमियाने मागच्या दारातून बाहेर पाहिलं. नव्याने आलेली एक बाई भट्टीशेजारी, पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती. तिच्या मांडीवरचं बाळ जागं होतं आणि प्लासिदो त्याच्यापुढे उकिडवा बसून, डोणी कोरायची छोटी पटाशी लाकडावर टकटक वाजवून दाखवत होता.

"दोन दिवस काही पाठवू नकोस," निमिया हळू आवाजात म्हणाली. फोनवर तिचा आवाज ओफेलियाला ओळखूच आला नाही. "आत्ता झोपू दे त्यांना. उठली की मी त्यांनाच विचारते आणि तुला कळवते."